ब्लॉक सात, लिफ्ट चार

शंकू सरळ वर उचलायचा, झटका द्यायचा नाही,
मग मिश्रण किती खचलं ते पट्टीनं बघायचं.
कागदावर चाळीस मिलिमीटर होते.
त्या रात्री शंभरावर गेलं,
पत्र्यावर पातळ पिठल्यासारखं पसरलं.
"पाणी कुणी वाढवलं रे?"
गणपा सरोळकर केबिनमधून उतरलाच नाही.
"चढाला घट्ट झालतं सायेब. वाईच मारलंय."

वाईच.
आजऱ्याच्या वरच्या अंगाला, त्या भिंतीवर
अकरा वर्षं मी ह्या शब्दाशी भांडलो.
बरणीत वाळू हलवून ठेवली, गाळ वर बसला. वाईच.
कोल्हापुरातून निघालेला बर्फ उत्तूरपर्यंत वितळला. वाईच.
गोणपाटं दुपारभर कोरडी,
कारण पाणी मारणारा बाळ्या वाईच जेवाय गेलता.

मी गाडी परत पाठवली.
वहीत लाल शाईनं 'नाकारली', खाली सही, वेळ दोन पाच.
छाती फुगली असेल, खोटं कशाला सांगू.

दुसरी गाडी यायला सव्वातीन वाजले.
तोवर खालचा थर आळत आलेला.
खराब माल अडवला की चांगल्याला उशीर होतो
हे कुठल्या तक्त्यात नसतं.
मधे सांधा राहतो.
माणसाला दिसत नाही, पाण्याला सापडतो.

व्हायब्रेटरची सुई आपल्या वजनानं बुडाली तर ओता.
नाही बुडाली तर थांबा,
थर आळू द्या, घासा, धुवा, मॉर्टर पसरा, मग पुढचं.
एवढाच नियम.
हॅलोजनखाली वीस-पंचवीस माणसं
माझ्या हाताकडं बघत उभी.
सुई बुडाली.
मी म्हणालो, ओता.

अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब मोडले.
काटा हवा तिथं गेला, थोडा पुढंच.
साहेबांनी चहा सांगितला.
पण क्यूब म्हणजे टाकीत जपलेलं पोर,
भिंत उन्हात राबणारी.
आणि क्यूबला सांधा नसतो.

आता राजारामपुरीत असतो.
दर ऑगस्टात, सांडवा सुटला की मोटारसायकल काढतो.
नातू सगळ्यांना सांगतो, आजोबा पाणी बघायला जातात.
मी पाण्याकडं पाठ करून
सातव्या ब्लॉकवर, चौथ्या लिफ्टच्या उंचीला
एक रेघ शोधतो.
ह्या वर्षी होती.
झिरप म्हणावी तर झिरप, पावसाची म्हणावी तर पावसाची.
बोट लावायला फार उंच.

सुई बुडाली होती, वहीत तसं आहे.
मनगटाला मात्र आठवतं,
वाईच दाबलेली.