तपासणी दीड वाजता

कोकण भवनाच्या समोर, झेरॉक्सच्या दोन मशिनींमध्ये
माझा संगणक बसतो, तांडेलकाकांकडून आलेला,
खुर्चीसकट, उदबत्तीच्या डागासकट.
चार जीबीचा जीव. त्यात तिघं राहतो:
मी, राखणदार आणि नोंदवहीवाला.

राखणदार प्रत्येक फाईल अडवतो.
काल आलीस, परवा आलीस, तरी आज परत
पिशवी उघड, नाव सांग.
नोंदवहीवाल्याला रिकामं बसवत नाही.
मी बोटं उचलली की लागलाच उतरवून घ्यायला
कोणत्या कागदात कोणता शब्द.
आणि दोघांनी एकदम कपाटात हात घातला
की डिस्क कुरकुरते, जात्यात खडा आल्यासारखी.
'प्रतिज्ञापत्र' मधला 'प्र' मी दाबते
तो चहा गार झाल्यावर उमटतो.

"बंद करून टाक ना दोन्ही," शेजारचा स्टॅम्पवाला म्हणतो.
केलं होतं एकदा. दहाच मिनिटं, मार्चअखेर होती.
उलव्याचा एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला,
लग्नपत्रिका, गणपतीचा फोटो, बाकी काही नाही.
संध्याकाळपर्यंत माझे सगळे फोल्डर
स्वतःच्याच सावल्या होऊन बसले.
तीन दिवस गेले. एका माणसाची तारीख गेली.
त्याचं नाव मी विसरलेले नाही. सांगणारही नाही.

तेव्हापासून घासाघीस चालते.
पूर्ण तपासणी दीड वाजता, शटर अर्धं खाली,
मी डबा खाते, तो माझ्या फायली चावतो.
पेनड्राइव्हला सूट नाही, मग तो साहेबांचा का असेना.
नोंदवहीवाल्याला सांगितलं: अलीकडचं काय ते बघ,
काकांच्या जुन्या फोल्डरात शिरू नकोस,
तुला तिथलं वाचता येत नाही.
खरंच येत नाही. त्या जुन्या फॉन्टात
आपल्याला 'आई' दिसते,
त्याला एक डॉलर, अर्धा कंस
आणि वाट चुकलेला एफ.

मंगळवारी चांगुणा मढवी आली, करावे गावची.
साडेबारा टक्क्यांचं प्रतिज्ञापत्र हवं,
दोन हजार सातचं, "तांडेलानं टायपलेलं."
घरची प्रत?
"वालवीनं खाल्ली."
'चांगुणा' शोधलं. शून्य.
'मढवी' शोधलं. चारशे अकरा, सगळे दुसरेच.

काकांना फोन लावला. ते आता कळंबोलीला, नातवाकडे,
कानात यंत्र. नाव तीनदा सांगितलं.
"हां, ती. छत्री विसरली होती.
छत्री टाक, इंग्रजी अक्षरांत.
परत आली की द्यायची आठवण राहावी
म्हणून फाईलला तेच नाव दिलं."

नुसतं नाव शोधायला नोंदवही लागत नाही, वेळ लागतो.
हिरवी रेघ मुंगीच्या पायांनी गेली पडद्यावरून.
छत्री दोन. सापडली.

दोनदा दाबलं. राखणदार आडवा आला:
थांबा. तपासणी चालू आहे.
चांगुणाबाई काउंटरवर कोपर टेकून बघत होती.
"माजाच कागुद ना? मंग इचारतंय काय?"
काय सांगू. म्हटलं, सगळ्यांना विचारतो.

मग उघडलं.
पश्चिमेस खाडी. पूर्वेस पांडू जोमा यांचे भातखाचर.
दक्षिणेस बांध. उत्तरेस चिंचेचे झाड
व वहिवाटीची पायवाट.
मी वाचत गेले, तिने एकेका दिशेला मान हलवली,
जणू तिथे अजून कुणी उभं होतं.
खालच्या कोपऱ्यातून पट्टी सरकत वर आली:
कोणताही धोका आढळला नाही.

प्रिंटचे दहा रुपये तिने ओच्यातून काढून दिले.
कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.
जाता जाता वळली.
"आन छत्री?"

माळ्यावर, टोनरच्या रिकाम्या खोक्यांमागे
मी आजवर हात घातलेला नाही.
दीड वाजायला दहा मिनिटं होती.
शिडी लावली.