किडरमिन्स्टरची रेणुका

पूर्वी इथं गालिचे विणायचे.
आता मागच्या शेडमध्ये रेणुका बसते,
जयपूरहून कंटेनरमधून आलेली,
कस्टमच्या कागदावर: 'दगड, एक नग.'

आरतीआधी पुजारी शिडीवर चढून
धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घालतो.
नारळ फोडायचा तो पार्किंगमध्ये,
बादलीत, हातोडीनं.

स्वान्सीहून तीन तास गाडी हाकत
मी गोदूआत्याची ओटी घेऊन आले.
हिरवा खण, अकरा वर्षं कपाटात.
माहूरची चढण तिला झेपेना,
मला रजा मिळेना.

गुडघे टेकले तर जमीन मऊ:
जुन्याच गालिच्याचा उरलेला तुकडा.
देवीच्या पायाशी कुणीतरी
लोकरी हातमोजे विसरलंय.

पावती आत्याच्याच नावानं फाडली.
"गाव?" पुजाऱ्यानं पेन झटकत विचारलं.

स्वान्सी, म्हणाले.