कांडी

परवान्यावर आता लिहिलंय : तीन.
माझ्या बंदुकीच्या नळीत मावतात पाच.
दोघांच्या रिकाम्या जागेचं काय करायचं,
म्हणून गेलो साखर पेठेत, मैनोद्दीन नालबंदांकडे.

त्यांनी टोपण फिरवलं, स्प्रिंग काढली,
नळीत फुंकर मारून एका डोळ्यानं पाहिलं
आणि फडताळातून आणली
मागावरची जुनी लाकडी कांडी.
'बंद कारखान्यातली. फुगत नाही हे लाकूड.'
करवत, कानस, थोडं तेल.
वितीला दोन बोटं कमी.

ठाण्यात बोल्ली बाईंनी स्वतः भरून पाहिलं :
एक. दोन. तीन.
चौथं आत जाईना.
अंगठ्यानं दाबलं, जरा रागानंच परत दाबलं,
मग शिक्का.

रात्री एटीएमपाशी स्टुलावर बसतो,
बंदूक मांडीवर आडवी.
समोरच्या भिंतीपलीकडे
अजून चार-दोन माग खडखडतात.

आई चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायची.
मी शाळेतून तिथंच जायचो, डबा घेऊन.
एकदा हौसेनं मीही भरली एक, चांगली जाडजूड.
तिनं न बोलता निम्मं सूत उलगडलं.
म्हणाली,
धोट्यात बसायला पाहिजे ना, बाळ.