अठ्ठेचाळीस हजार तास

पातं कापताना ठिणगी उडाली नाही,
पाण्याखाली चाकाची एक लांब कुरकुर, बस्स.
खिडकीतून खाडीच्या ओहोटीचा वास
आणि दारात अजीज परकार,
हातातला चहा विसरून.

हे त्यांनीच बसवलं होतं,
सुरूच्या झाडासारखा कातरलेला त्याचा बुंधा
खाचेत सरकवून, हातोडीने नाही, तळव्याने.
"जावयाला पाटावर बसवतात तसं," म्हणतात.

मग अठ्ठेचाळीस हजार तास
ते आगीत फिरलं,
फिरण्यानेच बाहेर ओढलं जात.
लांबी वाढली ती दोन केसांएवढी.

घासलं, आम्लात बुडवलं, भिंगाखाली ठेवलं.
या, बघा, म्हटलं.
नव्या पात्यात इथं जांभ्याचे चिरे असतात,
चौकोनी, रांगेत,
मध्ये चुन्याची बारीक दर्ज.
निकेलचा सगळा दम त्या बांधकामात.
आता धाकटे चिरे थोरल्यांनी गिळलेत,
उरलेले एकमेकांना चिकटून
ओढीला आडवे पसरलेत, तराफ्यांसारखे.
दाण्यांच्या शिवेवर कार्बाइडचे मणी,
आणि या सुया, कुणी न पेरलेल्या.
कडेचा पापुद्रा?
ते मीठ.
गाळणीतून सुटलेलं, आपल्याच समुद्राचं.

परकारांनी चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे मोडलं नाही."
नाही. मोडलं कुठंच नाही.
"परत भट्टीत घातलं तर?"
बाराशे अंशांपाशी चिरे विरघळतात,
नीट निववलं तर पुन्हा चौकोनी जमतात.
पण शिवेवरचे हे काळे ठिपके पाहा,
या पोकळ्या आहेत.
त्या नुसत्या आगीने बुजत नाहीत.

उरलेला तुकडा त्यांना घरी न्यायचा होता.
देता येत नाही;
भंगारसुद्धा ग्रॅमवर मोजून जातं,
त्यात कोबाल्ट आहे.
त्यांनी तो तळव्यावर तोलला
आणि वजनकाट्यावर ठेवला,
स्वतःच, आकडा न बघता.

अहवालात एक रकाना असतो :
उर्वरित आयुष्य, तासांमध्ये.
मी शून्य लिहिलं.
याचे एक्याण्णव भाऊ अजून रोटरवर,
काल रात्री यंत्र बंद केलेलं,
पण दांडा वाकू नये म्हणून
हळू हळू फिरवत ठेवलेला.

"लिही, बाई," परकार म्हणाले,
"पण सही उद्या कर.
त्यांना आधी थंड होऊ दे."