गाबोळी

गिऱ्हाईक अंगठा रोवतं सुरमईच्या पोटात,
विचारतं, "गाबोळी आसा काय गो?"
मी म्हणते, आसा. भाव वाढतो.
सतरा वर्षं देवगडच्या बंदरावर
मी पोटांचे भाव सांगत आले.

पाळी चुकली तेव्हा बंदी होती.
होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या,
खात्याची गाडी भोंगा लावून फिरत होती:
मासळीच्या पोटात अंडी आहेत,
दोन महिने तिच्या वाटेला जाऊ नका.
पडवीत जाळ्याची भोकं सांधत मी ऐकलं.
बरा कायदा, म्हटलं.
मासळीला कुणी कारण विचारत नाही.

नारळी पुनवेला नारळ सोडला.
तो ट्रॉलरवर गेला, वेरावळच्या पाण्यात,
तिथे फोन लागत नाही.
घरात दोन पोरी, एक दमेकरी सासरा,
आणि मी, पहाटे तीनला बर्फ फोडणारी.
हे मी तुम्हाला सांगायला नको होतं.
सवय. सगळे कारण मागतात.

देवगडात म्हणाले, डॉक्टर शनिवारी.
शनिवारी म्हणाले, मशीन सील आहे.
कणकवलीचा डॉक्टर चष्मा पुसत म्हणाला,
"नवऱ्याची सही आणा."
समुद्रातून?
"मग दिराची चालेल."
दीर वीस वर्षांचा. अजून मिशी नीट फुटलेली नाही.

आठवडे मला मोजता येत नाहीत.
मी उधाणं मोजली.
पुनव, अवस, पुनव, अवस,
पाणी जेटीच्या पायरीला लागतं आणि मागे जातं.
प्रत्येक उधाणाला एक एसटी,
प्रत्येक एसटीला एक नवी चिठ्ठी.

ओरोसला सिस्टर फिलोमिना फर्नांडिस.
गळ्यात बारीक क्रूस, हातात बॉलपेन.
बोटांवर हिशेब केला तिने:
"वीस आठवडे म्हणजे तुझी साडेनऊ उधाणं.
तू आठव्यात आहेस. बस.
सही तुझी एकटीची पुरते.
तसा बोर्ड आहे भिंतीवर, कपाटामागे."
मग हळू आवाजात,
"मी स्वतः हे कधी केलं नसतं.
पण अंग तुझं आहे."

"कारण?"
नको, म्हटलं.
पेन थांबलं.
"नको हे कारण कागदावर नाही, बाय.
जिवाला धोका आहे, जबरदस्ती आहे, बाळात व्यंग आहे,
नको नाही."
थोडा वेळ पंखाच फिरला.
मग तिनेच लिहिलं, सावकाश, वळणदार:
साधन निकामी.

मी ते दोनदा वाचलं.
वाटलं, माझंच नाव लिहिलंय.

खाली सही केली, पूर्ण नाव,
बापाचंही, नवऱ्याचंही, आडनावासकट.
रेघेबाहेर गेलं. जाऊ दे.

रडले का?
हो, परतीच्या एसटीत, नांदगावच्या फाट्यापर्यंत.
त्याचा अर्थ तुम्ही लावू नका.

भागीरथी वयनी आता बोलत नाही.
तिची तीन गेली, पोटातच.
कुणकेश्वराला ती अनवाणी जाते.
तिच्या समोर माझी पाटी उतरवायला
मला जड जातं, हे खरं.
तिचं दुःख खोटं नाही. माझं "नको"ही नाही.
दोन्ही एकाच गल्लीत राहतात,
एकाच नळावर पाणी भरतात, न बोलता.

लिलावाला पोरं म्हणतात, देवाचं देणं.
त्यातल्या एकानेही कधी
पहाटेचा बर्फ फोडलेला नाही.

तो आला दिवाळीला.
कुणीतरी सांगितलंच होतं.
दारात उभा राहून म्हणाला, "माका इचारलंस नाय."
मी म्हटलं, नाही.
आणि कालवण वाढलं.
जेवला. हात धुताना बराच वेळ पाणी ओतत राहिला.

आज पुन्हा बंदरावर.
एक बाई, अंगठ्यात सोन्याचं वळं,
सुरमईच्या पोटाकडे हात नेते.
मी तिचं मनगट धरते, हलकंच.
पोट दाबू नको गो.
ताजेपण कल्ल्यात कळतं.
हे बघ, लाल आहेत.