सोळावा आणा

मकरपुरा जीआयडीसी, रात्रीचे सव्वादोन.
टेबलानं तिसरं ड्रिल मोडलं
आणि धनसुखभाईंनी चहाचा कप
पॅनलच्या डोक्यावर ठेवला,
जिथे ठेवू नये अशी चिठ्ठी
त्यांनीच गुजरातीत लिहून चिकटवलीय.
"बेन, सात सुधी डाह्यो छे," म्हणाले,
"आठ म्हटलं की फिरतं याचं."

चार तारा जातात ड्राइव्हमध्ये.
प्रत्येकीला एवढंच येतं:
चोवीस व्होल्ट आहे, किंवा नाही.
त्यावरून टेबलानं ओळखायचं
कुठल्या भोकाखाली जाऊन उभं राहायचं.

नव्या पोराला, श्रीरंग शितोळेला,
मी बायनरी हा शब्द सांगितलाच नाही.
वडिलांचा तपकिरीचा डबा सांगितला.
त्यात चार नाणी: आणा, चवली, पावली, अधेली.
मांडवीपाशी कापडाच्या पेढीवर वह्या लिहायचे ते.
आण्यांचं राज्य बुडालं
तरी ही चौघं त्यांनी मोडली नाहीत.
म्हणायचे, पंधरा आण्यांपर्यंत
काहीही माग, एवढ्यातच देतो.
पाच? पावली नि आणा.
अकरा? अधेली, चवली, आणा.
श्रीरंगनं बोटांवर करून पाहिलं.
तेरा. मग सहा. मग पुन्हा तेरा.

पण सात सोडून आठ द्यायचे
तर तीन नाणी खाली ठेवायची
आणि चौथं उचलायचं,
सगळं एकाच क्षणी.
माणसाला जमत नाही ते. रिलेलाही नाही.
तीन रिले जुने, जड जिभेचे;
अधेलीचा परवाच बदललेला, तरतरीत.
तो "आलो" म्हणून आत येतो
तेव्हा बाकीचे "येतो हं, येतो" म्हणत
अजून उंबऱ्यातच.
तेवढ्या अकरा मिलिसेकंदांत
ड्राइव्ह चौघांनाही मोजतो: पंधरा.
टेबल निघतं पंधराव्या कोपऱ्याकडे,
जिथे भोक नाही, क्लॅम्पचा जबडा आहे,
आणि वरून ड्रिल उतरतं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
वाचणाऱ्याला घाई झाली होती.

पाचवी तार ओढली, पिवळी.
तिला किंमत नाही, आकडा नाही.
चौघं आपापल्या जागी बसली
की तीस मिलिसेकंदांनी ती म्हणते:
वाच आता.
"मॅडम," श्रीरंग म्हणाला,
"म्हणजे हा सोळावा आणा."
मी फेरूल दाबत होते. हूं म्हटलं.

शून्याचं त्यानं नंतर विचारलं.
चारही तारा गप्प असल्या तर?
बरेच जण शून्यावर घर ठेवतात,
टेबल परत मूळ जागी.
मी ठेवत नाही.
उंदरानं केबल कुरतडली तरी शून्यच येतं.
एकदा हालोलच्या साइटवर
तीन दिवस घरून फोन नव्हता
आणि मी तो वाचला होता:
सगळं ठीक.
तेव्हापासून शून्याची ओळ
प्रत्येक यंत्रात मी कोरी सोडते.
काही आलं नाही तर काही करू नकोस,
असशील तिथे थांब,
लाल दिवा लाव.
यातलं हालोल मी त्याला सांगितलं नाही.

पावणेचारला सात दिले.
मग आठ.
टेबल किंचित थबकलं,
एखादा कारकून सही करण्याआधी
पेन झटकतो तितकंच,
आणि गेलं आठव्या भोकाखाली.
ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस
श्रीरंगच्या बाहीवर उडाला.
नऊ. दहा. पुन्हा सात, पुन्हा आठ.
चाळीस वेळा फिरवून घेतलं
तेव्हा कुठे धनसुखभाईंनी
थंड झालेला कप उचलला.

पॅनलच्या डोक्यावर, त्यांच्याच चिठ्ठीशेजारी,
चहाचं एक ओलं वर्तुळ.