निरोप्या

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
हेल्वेबाई तो उजवीकडे ठेवतात.
त्या डावखुऱ्या आहेत हे मला
तिसऱ्या भेटीत दिसलं.
तोवर टॅब्लेटची बटणं त्यांना उलटी का लागतात
याचं कारण मी कोडमध्ये शोधत होतो.

माझं काम पडद्यामागचं:
कुठली खिडकी वर, कुठली खाली हे ठरवणारा
आणि हाताची खबर त्या खिडकीपर्यंत नेणारा
प्रोग्रॅम लिहायचा.
कित्येक वर्षं त्याला एकच प्राणी ठाऊक होता.
माऊस.
दाबला. सोडला. इकडे सरकला, तिकडे सरकला.
पेन आलं तेव्हा आम्ही त्याला
माऊसचंच कातडं घातलं आणि म्हटलं, चल आत.

पण पेन टेकण्याआधीच आलेलं असतं.
बोटभर वर थांबतं,
जसा कुणी कडी न वाजवता उंबऱ्याशी उभा राहून
आतली चाहूल घेतो.
ते थांबणं ही बातमी.
किती कललं, कुठे कललं, ही बातमी.
उलटं धरलं तर मागचं टोक खोडरबर,
हेही आधी सांगायला हवं, खोडून झाल्यावर नव्हे.
आणि दाब?
आठ हजार एकशे ब्याण्णव पायऱ्यांचा जिना तो,
आम्ही त्याच्या दोन केल्या होत्या :
आहे आणि नाही.

हेल्वेबाई एकेचाळीस वर्षं दगडफुलं काढताहेत.
आधी टाक आणि शाई, आता हे.
पहिल्या दिवशी त्यांनी दगडफुलाची एक वाटी काढली,
राईएवढी, गोल.
पडद्यावर अंडं उमटलं.
त्यांनी चष्मा काढून पुसला,
जणू दोष त्यांच्याच काचेचा.
दोष माझा होता. टेबलावर दोन पडदे,
आणि एवढीशी पाटी मी दोन्हींवर ताणली होती
चादर लांब पलंगावर ताणावी तशी.

तेवढं दुरुस्त केलं. मग मला शहाणपण सुचलं.
त्यांचा हात थरथरतो, दोन हिवाळे झाले.
मी न विचारता मधल्या वाटेवरच एक गाळणी बसवली,
एकशे चाळीस ओळींची.
आत शिरेल ती थरथर, बाहेर पडेल ती सरळ रेघ.
वाटलं, बाई खूश होतील.

त्यांनी एक कड काढली. थांबल्या.
पुन्हा काढली. पेन वर धरून म्हणाल्या,
"ही कुणी काढली?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.
मग खोक्यातून खडकाचा एक तुकडा काढून
दिव्याखाली सरकवला. त्यावर करडं, पापुद्र्यांचं दगडफूल.
"याची कड बघ. सरळ आहे?
काय सरळ करायचं ते माझं मी करेन,
चित्राच्या खिडकीत, डोळ्यांदेखत.
तू वाटेतला माणूस."

वाटेतला माणूस.
आपल्याकडे ध चा मा करणाऱ्यांना जी जागा आहे
तिथे मी चांगल्या हेतूने जाऊन बसलो होतो.

त्याच रात्री एकशे चाळीस ओळी पुसल्या.
पुसताना बोट एकदाही अडखळलं नाही,
याचंच थोडं वाईट वाटलं.

अजून सगळं जमलेलं नाही.
त्यांच्याकडे दोन पेनं आहेत, जाड टोकाचं आणि बारीक,
प्रत्येकाच्या पोटात आपापला क्रमांक,
तरी माझा प्रोग्रॅम कधीकधी
एकाच्या सवयी दुसऱ्याला लावतो, जुळ्यांच्या घरातल्यासारखा.
आणि माऊसला धक्का लागला की
पेनाचा बाण उडी मारतो. दोघांना दोन बाण हवेत.
हे उद्या.

आज त्या कॉफी ओतायला उठल्या.
माझ्या नोंदीत एक ओळ आली :
पेन दूर गेलं.
मग अकरा मिनिटं काहीच नाही.
ते काहीच नाहीही
मी जसंच्या तसं पुढे पोचवलं.